वय आणि पगारयादी: बेसबॉलमधला खेळाडू आणि मालक आकड्यांवरून कसा जोखायचा

न्यूयॉर्कला संध्याकाळी सात-पाचला सुरू होणारी मॅच पुण्यात पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी लागते. त्यामुळे इथला बेसबॉलवेडा माणूस मॅच बघण्यापेक्षा सकाळी चहाबरोबर बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, वाचणारा जास्त. आकड्यांची भीती त्याला नसतेच. अडतं ते दोन प्रश्नांवर. मेजर लीगसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या लीगमधला एखादा पोरगा खरंच सुधारतोय का? आणि संघाचा मालक काही उभं करतोय, की नुसता पैसा ओततोय किंवा वाचवतोय? दोन्हींची उत्तरं साध्या स्प्रेडशीटमध्ये निघतात. फक्त बहुतेक जण जे दोन रकाने मोकळे सोडतात ते भरावे लागतात: खेळाडूपुढे त्याचं वय आणि संघापुढे लीगच्या सरासरीशी ताडून पाहिलेला पगार.

शीट मांडताना

एक ओळ म्हणजे एक खेळाडू, एक हंगाम, एक पातळी. जूनमध्ये हाय-एमधून डबल-एला चढलेल्या पोराच्या त्या वर्षी दोन ओळी होतील. वय ३० जून रोजीचं धरा, सगळ्यांना एकच तारीख. पातळ्या चार, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. २०२१ च्या फेररचनेनंतर मेजर लीगच्या ३० संघांना प्रत्येकी चार असे १२० संलग्न संघ उरले, त्याआधी ते १६० च्या घरात होते. म्हणून २०१९ आणि २०२२ ची एकाच पातळीवरची तुलना जपून करा. २०२० मध्ये खालच्या लीगचा हंगाम झालाच नाही. त्या वर्षीची चौकट रिकामी ठेवा, शून्य लिहू नका. सरासरी काढताना स्प्रेडशीट शून्य मोजते, रिकामी चौकट मोजत नाही, आणि मग चांगल्या पोराचा आलेख कारण नसताना खड्ड्यात जातो.

टक्केवारी भरू नका, कच्च्या नोंदी भरा: पाळ्या म्हणजे प्लेट अपिअरन्स (बॅटर जितक्यांदा पिचरसमोर आला ते), अ‍ॅट-बॅट (त्यांतून वॉक, हिट-बाय-पिच आणि सॅक्रिफाइस वगळून उरलेल्या), हिट, डबल, ट्रिपल, होमरन, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळालेला फुकटचा बेस), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), हिट-बाय-पिच (चेंडू अंगाला लागून मिळालेला बेस), सॅक्रिफाइस फ्लाय (बॅटर झेलबाद, पण रन आला असा फटका). २० अ‍ॅट-बॅटमध्ये ०.३०० आणि ४०० मध्ये ०.२४० असेल तर एकत्र सरासरी (हिट भागिले अ‍ॅट-बॅट) ०.२७० होत नाही, ०.२४३ होते. सरासरीची सरासरी काढणं ही या कामातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती पकडता येते ती कच्चे आकडे समोर असले तरच.

दोन बॅटर, एकच लीग

दोन काल्पनिक बॅटर घेऊ. दोघंही डबल-एमध्ये, दोघांच्याही २४० पाळ्या.

पहिला २० वर्षांचा: २०५ अ‍ॅट-बॅट, ५२ हिट, त्यांत ७ होमरन, ३० वॉक, ५५ स्ट्राइकआउट, २ हिट-बाय-पिच, ३ सॅक्रिफाइस फ्लाय. दुसरा २५ वर्षांचा: २२० अ‍ॅट-बॅट, ६८ हिट, त्यांत ९ होमरन, १५ वॉक, ६७ स्ट्राइकआउट, बाकी तेवढंच.

बॅटिंग अ‍ॅव्हरेज ०.२५४ विरुद्ध ०.३०९. बॉक्स स्कोअर वाचणारा दुसऱ्याकडे वळतो. आता होमरन सोडून मैदानात मारलेल्या चेंडूंवरची सरासरी, म्हणजे बॅबिप, काढा. हिटमधून होमरन वजा करा. त्याला अ‍ॅट-बॅट वजा स्ट्राइकआउट वजा होमरन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय याने भागा. पहिल्याचं ४५ भागिले १४६, म्हणजे ०.३०८. दुसऱ्याचं ५९ भागिले १४७, म्हणजे ०.४०१. खालच्या लीगमध्ये फील्डिंग कच्चं असतं, त्यामुळे बॅबिप थोडा वर राहतो हे खरं, पण ०.४०० वर कुणी वर्षानुवर्षं टिकत नाही.

मग किती विश्वास ठेवायचा? प्रत्येक आकड्याला स्थिरावायला ठरावीक नमुना लागतो. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० पाळ्यांत, वॉकचं १२० च्या आसपास, होमरनचं १७० च्या आसपास, तर बॅबिपला मैदानात मारलेले सुमारे ८२० चेंडू लागतात. या टप्प्यावर आकडा अर्धा गुण आणि अर्धा नशीब असतो. याच संख्येचा उपयोग आकडा सरासरीकडे ओढायला होतो. खेळाडूच्या घटना घ्या, त्यांत लीगची सरासरी गुणिले हा टप्पा मिळवा आणि दोन्हींच्या एकूण नमुन्याने भागा.

लीगचा बॅबिप ०.३१० धरला तर दुसऱ्याचा हिशेब असा: ५९ अधिक (०.३१० × ८२०), भागिले (१४७ + ८२०). उत्तर ०.३२४. हाच बॅबिप त्याच्या १४७ चेंडूंना लावून ९ होमरन मिळवले की त्याची सरासरी ०.२५७ वर येते. पहिल्यावर हेच केलं तर ०.२५५. म्हणजे ५५ अंकांची (हजारांशांची) आघाडी दोन अंकांवर आली.

वॉकचं उलटं आहे. पहिला १२.५ टक्के, दुसरा ६.३. लीगची सरासरी १० टक्के धरून ओढल्यावर ११.७ आणि ७.५ राहतात. हा फरक टिकला. प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ नशिबाने फरक साधारण किती हलतो ते, काढून पाहा: सरासरीतल्या ०.०५५ च्या फरकाची त्रुटी ०.०४४ आहे, म्हणजे फरक तिच्या जेमतेम सव्वापट. वॉकमधला फरक त्रुटीच्या सव्वादोन पटीहून जास्त. दोन पटीच्या खाली असेल तर गप्प बसायचं, हा आपला नियम. स्ट्राइकआउटमधला पाच टक्क्यांचा फरकही याच नियमाने अजून पुरावा ठरत नाही, तो कितीही आवडला तरी.

उरलं वय. डबल-एमधले बहुतेक नेहमीचे खेळाडू २४ च्या आगेमागे असतात, ट्रिपल-एमधले २६ च्या. वीस वर्षांचा मुलगा स्वतःपेक्षा चार वर्षं मोठ्या पिचर्ससमोर सरासरी कामगिरी करत असेल तर ती सरासरी नाही. पंचविशीतला तेच करत असेल तर तो जिथे असायला हवा तिथेच आहे. "लीगच्या सरासरी वयापेक्षा किती लहान" असा स्वतंत्र रकाना करा आणि क्रमवारी आधी त्याच्यावर लावा.

या नियमाला अपवाद आहेत. मेजर लीगच्या पायरेट्स संघाने २००८ च्या नोव्हेंबरात करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, एका रिअ‍ॅलिटी शोमधून निवडलेले. अठरा-एकोणीसच्या वयात त्यांनी बेसबॉल पहिल्यांदा हातात धरला. अशांच्या बाबतीत वयाऐवजी खेळातली वर्षं मोजा. कॉलेजमधून उशिरा आलेले, शस्त्रक्रियेत वर्ष गेलेले आणि २०२० मुळे सगळेच एक वर्ष मागे पडलेले यांनाही तीच सवलत द्या.

सुधारणा मोजायची कशी

वर्षाची वर्षाशी तुलना करू नका, पातळीची पातळीशी करा. वर चढल्यावर पहिल्या १५० पाळ्या वेगळ्या ठेवा, पुढच्या १५० वेगळ्या. पहिल्या तुकड्यात स्ट्राइकआउट वाढणारच. प्रश्न एवढाच की दुसऱ्यात ते खाली येतात का. चढल्यावर अडखळून मग सावरलेला पोरगा शिकतोय. दोन्ही तुकड्यांत सारखाच राहिलेला कदाचित त्याच पातळीचा आहे.

मैदानाचा हिशेब विसरला की सगळं वाया जातं. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमधलं अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर, महाबळेश्वरपेक्षाही उंच. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल वळतही कमी. पार्क फॅक्टर (सरासरी मैदान १०० धरून त्या मैदानावर किती रन होतात तो आकडा) ११० असेल तर खेळाडूच्या आकड्यांना १.१० ने भागू नका. तो निम्म्या मॅच बाहेर खेळतो, म्हणून १.०५ वापरा. ट्रिपल-एच्या वॉकच्या आकड्यांमध्ये आणखी एक खोच आहे. २०२३ पासून तिथे सगळीकडे यंत्राचा स्ट्राइक झोन आला, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे एका पट्टीवर मांडता येत नाहीत.

चेंडू बॅटवरून किती वेगाने निघाला हा आकडा सगळ्यात लवकर बोलतो, कारण त्यात फील्डरचा हात नाही. मेजर लीगच्या मैदानांवर ही मोजणी २०१५ पासून होते. ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर, किंवा त्याहून जास्त वेग म्हणजे हार्ड-हिट. सरासरी वेगापेक्षा वरच्या दहा टक्क्यांचा उंबरठा पाहा. सरासरीत अर्धवट लागलेले चेंडू मिसळतात, वरचा टोकाचा आकडा ताकद दाखवतो. पण ताशी १७५ किलोमीटरने जमिनीत मारलेला चेंडू शॉर्टस्टॉप या फील्डरच्या हातात जातो, तेव्हा चेंडू उडाल्याच्या कोनाचा रकाना शेजारीच असू द्या.

पिचरसाठी ईआरए (नऊ इनिंगमागे त्याने दिलेले रन) बाजूला ठेवा. स्ट्राइकआउट टक्क्यांतून वॉक टक्के वजा करा आणि फील्डिंग बाजूला काढणारा एफआयपी काढा: १३ गुणिले होमरन, अधिक ३ गुणिले (वॉक + हिट-बाय-पिच), वजा २ गुणिले स्ट्राइकआउट, भागिले इनिंग, अधिक सुमारे ३.१० चा स्थिरांक. ६० इनिंग, ५ होमरन, २५ वॉक, ३ हिट-बाय-पिच, ७० स्ट्राइकआउट असतील तर ३.२५. हा स्थिरांक मेजर लीगचा आहे. खालच्या लीगसाठी तो त्या लीगच्या ईआरएवरून काढावा लागतो. इनिंग ५४.१ असं लिहिलेलं असेल तर ते चोपन्न पूर्णांक एक तृतीयांश असतं, एक दशांश नाही. शीटमध्ये ५४.३३ टाका.

आपल्या मैदानावर

पुण्यात कॉलेजच्या बेसबॉल किंवा सॉफ्टबॉल संघाला हंगामात मिळणाऱ्या मॅच इतक्या कमी असतात, की वर सांगितलेलं काहीच स्थिरावत नाही. तिथे सरासरी काढत बसू नका, घड्याळ वापरा. बॅट लागल्यापासून पहिल्या बेसपर्यंतचा वेळ मोजा. मेजर लीगमध्ये उजव्या बॅटरला साधारण ४.३ सेकंद लागतात, डावखुऱ्याला थोडे कमी. कॅचरच्या ग्लोव्हपासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हपर्यंतचा वेळ तिथे २.० सेकंदांच्या आसपास असतो. फेकीच्या वेगासाठी रडार गन मिळाली तर उत्तमच. आधी टेप लावून बेसमधलं अंतर मोजा. बेसबॉलचं ते २७.४३ मीटर हवं, आणि क्रिकेटच्या मैदानावर पावलांनी आखलेलं क्वचितच तेवढं भरतं. पाऊस पडून गेलेल्या मैदानावरचे वेळ वेगळ्या रकान्यात ठेवा. प्रत्येकाची तीन मापं घेऊन मधलं धरा, सगळ्यात चांगलं नको.

अख्खी फार्म सिस्टीम

इथे लोक फसतात ते वर पोचलेल्यांचीच यादी बघून. एका वर्षी ड्राफ्ट (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याची फेरी) होऊन सही केलेले सगळे खेळाडू घ्या, सहा वर्षं जाऊ द्या, मग त्यांनी मिळून किती वॉर दिला ते मोजा. वॉर म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती जिंकणं जास्त दिलं त्याचा आकडा. कुठेच न पोचलेल्यांचे शून्य इथे आवर्जून धरा. ड्राफ्ट २०१९ पर्यंत ४० फेऱ्यांचा होता, २०२० मध्ये ५, आणि २०२१ पासून २०. म्हणून तुलना पहिल्या पाच फेऱ्यांपुरतीच ठेवा.

वरचा क्रमांक मिळाला की चांगला खेळाडू मिळणं अपेक्षितच असतं. म्हणून त्या क्रमांकावरून आजवर सरासरी काय मिळालं ते काढा आणि श्रेय त्यापुढचंच द्या. अ‍ॅस्ट्रोजने २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेया घेतला. २०१३ मध्ये पुन्हा पहिल्याच क्रमांकावर मार्क अ‍ॅपेल घेतला, तो त्यांच्यासाठी मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. २०१४ च्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने सहीच केली नाही. त्याची भरपाई म्हणून २०१५ मध्ये दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यातून अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला. तीनपैकी एकाच वर्षाकडे बघून हा संघ शहाणा की मूर्ख ते ठरवणाऱ्याला हवं ते उत्तर मिळतं.

ट्रेड झालेल्याचं श्रेय कुणाचं? फर्नांडो टाटीस ज्युनियरला व्हाइट सॉक्सने २०१५ मध्ये करारबद्ध केलं आणि २०१६ मध्ये, एकही व्यावसायिक मॅच खेळण्याआधी, पाद्रेसला देऊन टाकलं. पारख व्हाइट सॉक्सची, घडवणूक पाद्रेसची. दोन वेगळे रकाने करा.

मालक

आधी नशीब बाजूला काढा. १६२ मॅचमध्ये निव्वळ नाणेफेकीइतक्या योगायोगाने जिंकण्याचा आकडा सहा-साडेसहाने इकडेतिकडे होतो. पाच हंगाम एकत्र धरले तर वर्षाला पावणेतीन.

पुण्याला हा हिशेब घरचाच आहे. पुणे वॉरियर्सने २०११ मध्ये निकाल लागलेल्या १३ पैकी ४ मॅच जिंकल्या. तेवढ्यावरून मालकाला झोडपणं गणिताने चुकीचं होतं, योगायोगाने असं घडू शकतं. पुढची दोन वर्षं प्रत्येकी १६ पैकी ४. तीन वर्षांत ४५ पैकी १२ म्हणजे अपेक्षेपेक्षा साडेदहा कमी, आणि योगायोगाची मर्यादा साडेतीनच्या आत. नशिबाला दोष द्यायची सोय राहिली नाही. आयपीएलमध्ये पगाराची कमाल मर्यादा सगळ्यांना सारखी, त्यामुळे तिथे मालकाची पारख निवडीत दिसते. बेसबॉलमध्ये अशी सक्तीची मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलं तर कर भरायचा, बस. २०२५ साठी ती रक्कम २४.१ कोटी डॉलर होती. म्हणून तिथे पैसा हिशेबात घ्यावाच लागतो.

पगार कोणता धरायचा ते एकदा ठरवा आणि बदलू नका. शोहेई ओहतानीचा करार दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे आहेत. रोख पगार बघाल तर वर्षाला २० लाख डॉलर, कराच्या हिशेबात सुमारे ४.६ कोटी, आणि बातमीच्या मथळ्यात ७ कोटी. तीन संघांसाठी तीन वेगळ्या व्याख्या वापरल्या की निष्कर्ष कुठलाही काढता येतो.

प्रत्येक हंगामात संघाचा पगार भागिले लीगची सरासरी हा एक्स, जिंकण्याची टक्केवारी हा वाय. पाच हंगामांच्या १५० ओळींवर स्लोप आणि इंटरसेप्ट, म्हणजे त्यांतून जाणाऱ्या सरळ रेषेचा चढ आणि सुरुवात, काढा. प्रत्यक्ष टक्केवारीतून रेषेवरची टक्केवारी वजा करून १६२ ने गुणा. हे झालं पैशापलीकडचं जिंकणं. २०२० च्या ६० मॅच असल्यामुळे ते वर्ष वगळा. ओरिओल्स २०२१ मध्ये ११० हरले, २०२३ मध्ये तळाच्या पगारात १०१ जिंकले आणि २०२५ मध्ये ७५ वर आले. मेट्सने २०२३ मध्ये विक्रमी पगार देऊन नेमके ७५ च जिंकले आणि पुढच्याच वर्षी नॅशनल लीगची अंतिम फेरी गाठली. यातला कुठलाही एक हंगाम उचलून मालकावर लेख लिहिता येतो, आणि लिहिलेही जातात.

मालकीची तारीख लावायला विसरू नका. जिम क्रेन यांनी अ‍ॅस्ट्रोज २०११ च्या नोव्हेंबरात घेतला. २०१७ च्या विजेतेपदातले होजे अल्तुवे, डॅलस कायकल आणि जॉर्ज स्प्रिंगर हे तिघंही त्याआधीच संघात आलेले होते. वारसा म्हणून पहिली चार-पाच वर्षं दोन मालकांत वाटून टाका. त्या हंगामातल्या बॅटिंगच्या आकड्यांना चिन्हचोरीचा (समोरच्या कॅचरच्या खुणा चोरून बॅटरला कळवण्याचा) डागही आहे, तेव्हा पोरांच्या विकासाचा पुरावा म्हणून ते वर्ष वापरू नका.

मालकाची नियत दिसते ती सर्व्हिस टाइममध्ये, म्हणजे खेळाडूने मेजर लीगमध्ये काढलेल्या दिवसांत. पूर्ण वर्षाला १७२ दिवस, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू कुठल्याही संघात जायला मोकळा. कब्सने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला इतका थांबवून आणला की त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसामुळे तो एक वर्ष उशिरा मोकळा झाला, आणि त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. संघातल्या प्रत्येक नव्या खेळाडूचे पहिल्या वर्षाचे दिवस लिहा आणि १६० ते १७१ मध्ये गर्दी दिसते का बघा. २०२२ च्या करारात वेळेवर आणणाऱ्या संघाला जादा ड्राफ्ट क्रमांक मिळण्याची सोय झाली, म्हणून आधीची आणि नंतरची वर्षं वेगळी मोजा.

"छोट्या शहराचा संघ, पैसा कुठून आणणार" हे ऐकलं की आठवा: प्रत्येक संघ स्थानिक उत्पन्नाचे ४८ टक्के एका गंगाजळीत टाकतो आणि ते सगळ्यांत सारखे वाटले जातात. खेळाडू संघटनेने २०१८ मध्ये ए'ज, मार्लिन्स, पायरेट्स आणि रेज यांच्याविरुद्ध तक्रार केली ती याच पैशाच्या वापराबद्दल.

संघाच्या किमतीचा आकडा मोठा दिसतो, म्हणून तो वार्षिक दराने काढा. ओरिओल्स १९९३ मध्ये १७.३ कोटी डॉलरला गेला आणि २०२४ मध्ये १७२.५ कोटींना विकला गेला. दहापट, पण ३१ वर्षांत. म्हणजे वर्षाला ७.७ टक्के, मुदत ठेवीची आठवण करून देणारा दर. यात दरवर्षीचा नफा-तोटा आणि कर्ज नाही. ते बहुतेक संघ दाखवतच नाहीत आणि छापून येणारे उत्पन्नाचे आकडे अंदाज असतात. खरे हिशेब बघायचे तर अटलांटा ब्रेव्ह्जचे बघा. २०२३ मध्ये वेगळी झालेली त्यांची कंपनी शेअर बाजारात आहे आणि दर तिमाहीला हिशेब जाहीर करते. त्यात बेसबॉलचं उत्पन्न आणि स्टेडियमभोवतीच्या जागेचं भाडं वेगवेगळं दाखवलेलं असतं. पगाराशी तुलना करताना पहिलंच घ्या.